उत्कृष्ट शिकाऊ उमेदवार स्क्वेअर फुटावर निवडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तळेगावची साईट, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मिळून अठरा अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार). मालकांना दिवाळीच्या कार्यक्रमात एका ‘उत्कृष्ट शिकाऊ उमेदवारा’चा सत्कार करायचाय. एचआर म्हणतंय, ज्याचं महिन्याचं प्लास्टरचं माप सगळ्यात जास्त त्याला द्या, आकडे बिलात आहेतच. तुम्हाला ते खटकतंय, पण मीटिंगमध्ये मांडायला मुद्दा सापडत नाहीये.

अप्रेंटिस नोंदणीचं पोर्टल, करार, विद्यावेतन यात शिरत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. थेट मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा कायद्याचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चं कलम १३(२) एचआरला वाचायला द्या. अप्रेंटिसला पीसवर्कवर, म्हणजे केलेल्या कामाच्या मापावर, पैसे द्यायचे नाहीत, आणि आउटपुट बोनस किंवा तसल्या इन्सेंटिव्ह योजनेत भाग घ्यायला त्याला लावायचं नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मी वकील नाही. वर्षातून एकदा दर्जा बघून दिलेलं बक्षीस यात अडकेल असं मला वाटत नाही. पण ‘ज्याचे स्क्वेअर फूट जास्त त्याला दहा हजार’ हा आउटपुट बोनसच झाला, त्याला हार आणि शाल घातली म्हणून तो बदलत नाही. शंका असेल तर तुमच्या आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्रात विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तराला काडीची किंमत नसते.

कायद्यापेक्षा मोठं नुकसान भिंतीवर होतं. मागे एका कंपनीच्या मुख्यालयाने (नाव घेत नाही) नेमका हाच निकष लावला होता. साईटवर कधी पाय न ठेवलेल्या माणसांनी एक्सेलमध्ये रकाने जुळवून परिपत्रक काढलं, आणि त्याचे परिणाम साईटवाल्यांनी निस्तरले. काय होतं ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.

माप मोजलं जातंय म्हटल्यावर पोरं सगळ्यात आधी जे मोजलं जात नाही ते सोडतात. कॉलम-बीमवर टाचे मारणं (प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीट टोचून खरबरीत करणं) सोडतात. भिंत आदल्या दिवशी भिजवणं सोडतात. आरसीसी आणि वीटकामाच्या सांध्यावर जाळी ठोकायची असते, ती अर्धीमुर्धी ठोकतात. ठिय्ये (थराची जाडी दाखवणारे मालाचे ठोकळे) न मारता डोळ्याच्या अंदाजाने प्लास्टर ओढतात, म्हणजे १२ मि.मी.चा थर कुठे ८ आणि कुठे २५ होतो, आणि जाड थर एकाच वेळी चढवला की स्वतःच्या वजनाने सुटतो. माल सकाळी एकदाच भरपूर कालवून ठेवतात. सिमेंटच्या मालात पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात तो वापरून संपला पाहिजे. इथे दुपारी तीनपर्यंत त्याच घमेल्यात पाणी शिंपडून माल ‘जिवंत’ करणं चालू असतं. शेवटी पृष्ठभाग लवकर सुकावा म्हणून वर कोरडं सिमेंट भुरभुरून रंधा मारतात. त्याच जागी पुढे जाळीदार तडे येतात, आणि पेंटरवाला बिल्डरच्या नावाने बोटं मोडतो.

त्या दिवशी भिंत गुळगुळीत दिसते. माप भरतं, फोटो निघतो. आठ-दहा दिवसांनी नाण्याने ठोकून बघा. चांगलं प्लास्टर टणक, भरीव वाजतं. सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं, आणि तो आवाज बहुतेक वेळा कॉलमच्या कडेने खाली उतरत जातो, कारण टाचे तिथेच चुकवलेले असतात. ते फोडून पुन्हा करायला मूळ कामापेक्षा जास्त मजुरी जाते, आणि ती कोणत्याच एक्सेलमध्ये ‘उत्कृष्ट’ मुलाच्या नावावर पडत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या पोराने ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी) लावून, टाचे मारून, मोजकं काम केलं, ते यादीत तळाला जातं. पुढच्या महिन्यात तेही शहाणं होतं.

मग निवड कशी करायची? माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या: निम्मे गुण एका दिवसाच्या चाचणीला, निम्मे वर्षभराच्या नोंदींना. नुसत्या चाचणीत एखाद्याचा दिवस वाईट जातो. नुसत्या नोंदींत मुकादमाचा भाचा पहिला येतो.

गवंड्याची चाचणी अशी ठेवा. इंग्लिश बाँडमध्ये (एक थर लांबीने, पुढचा रुंदीने लावलेल्या विटांचा) एक वीट जाडीचा, म्हणजे विटेच्या लांबीइतका जाड कोपरा, एक हात (बाजू) १ मीटरचा, दुसरा ६० से.मी.चा, उंची आठ थर. मॉड्युलर वीट (१९×९×९ से.मी.) आणि १० मि.मी. सांधा धरला तर उंची ८० से.मी. होते आणि साधारण ११२ विटा लागतात. तुटफूट आणि क्लोजर (टोकाला लावायचे कापलेले तुकडे) धरून प्रत्येकाला १२५ मोजून द्या. वेळ पाच तास, आखणीसकट. माल चुना-वाळूचा ठेवलात तर नंतर कोपरे सोडवून, विटा साफ करून पुढच्या तुकडीला वापरता येतात. सिमेंटचा ठेवलात तर सगळ्या विटा भंगारात. विटा एका भट्टीच्या आणि निवडून घ्या. आपल्याकडे एकाच ट्रकमध्ये ५ मि.मी.चा फरक सापडतो, आणि वाकडी वीट ज्याच्या वाट्याला येईल तो बिचारा उगाच मागे पडतो. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या विटा एकत्रच भिजवा.

मोजणी. ओळंब्याला २० गुण, लेव्हलला १५, लांबी-उंचीला १५, काटकोनाला १०, सांध्याच्या जाडीला १०, बाँड आणि उभे सांधे एकावर एक न येणं याला १०, सांधे भरून पुसण्याला ५, आणि उरलेले १५ जागेची स्वच्छता, हेल्मेट-बूट आणि वाया घालवलेल्या मालाला. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, मनाने ठरवू नका, वाद होतात. वीटकामाच्या आयएस २२१२ या भारतीय मानकात एका मजल्यात ३ मीटर उंचीला ६ मि.मी.पर्यंत ओळंबा सुटलेला चालतो, म्हणजे ८० से.मी.ला दीड मि.मी.च्या आसपास. म्हणून २ मि.मी.पर्यंत पूर्ण गुण, ४ पर्यंत निम्मे, पुढे शून्य. सांध्याच्या जाडीत एक पंचमांश फरक चालतो, म्हणजे १० मि.मी.च्या सांध्याला २ मि.मी. वर-खाली. काटकोन गुण्याने (काटकोनी पट्टीने) बघू नका. साईटवरचे निम्मे गुण्ये आपटून वाकलेले असतात. लहान हातावर ६० से.मी., मोठ्या हातावर ८० से.मी. खूण करा, तिरकं अंतर बरोबर १ मीटर आलं पाहिजे.

जे पट्टीने मोजता येत नाही, उदा. सांध्यांची सफाई, त्यासाठी वर्ल्डस्किल्स या तरुण कारागिरांच्या जागतिक स्पर्धेत वापरतात ती पद्धत उचला. तीन परीक्षक, प्रत्येकाने ० ते ३ मधला एक आकडा, कार्ड एकाच वेळी वर करायचं. ० म्हणजे उद्योगाच्या दर्जाखाली, १ म्हणजे दर्जाइतकं, २ म्हणजे काही बाबतीत वरचढ, ३ म्हणजे अप्रतिम. दोन परीक्षकांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर बोलून पुन्हा आकडे द्यायचे. एकाच वेळी कार्ड वर करणं महत्त्वाचं, नाहीतर ज्येष्ठ इंजिनिअर काय दाखवतोय ते बघून बाकीचे दोघं आकडा ठरवतात. तिघांतला एक तरी बाहेरच्या साईटचा जुना मिस्त्री असू द्या, पदवीवाला नको. आणि कोपऱ्यांवर नावं नकोत, नंबर टाका, पोरं जेवायला गेल्यावर मोजा.

प्लंबरला पीपीआरच्या (प्लास्टिकच्या) पाइपची छोटी जोडणी आणि प्रेशर टेस्ट, इलेक्ट्रिशियनला एक बोर्ड आणि इन्सुलेशन टेस्ट. बारबेंडर (सळई वाकवणारे) असतील तर सळ्यांभोवतीच्या रिंगचा हूक १३५ अंशाचा आहे की नुसता ९० ला मोडलाय ते बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो. वेगवेगळ्या ट्रेडचे गुण एकमेकांशी ताडून एकच विजेता काढायचा अट्टाहास करू नका. मालकांना एकच फोटो हवा असेल तर प्रत्येक ट्रेडचा एक निवडा आणि सगळ्यांना एकत्र उभं करा.

प्लास्टर आणि टाइल्सची चाचणी घेतलीत तर निकाल त्याच दिवशी जाहीर करू नका. प्लास्टरवर सात दिवस पाणी मारून झाल्यावर नाण्याने ठोका, आणि अंधार पडल्यावर भिंतीला लागून आडवी टॉर्च धरा. दिवसा सपाट दिसणारी भिंत तेव्हा लाटा दाखवते. आणि ते सात दिवस आपल्या पॅनेलवर पाणी कोण मारतो, कोण विसरतो, हेही लिहून ठेवा. सांगावं न लागता पाणी मारणारं पोर मला कुठल्याही सुंदर सांध्यापेक्षा जास्त आवडतं, पण ही माझी वैयक्तिक खोड समजा.

वर्षभराच्या नोंदींसाठी एक वही पुरते. दर शनिवारी मुलाच्या त्या आठवड्यातल्या एका कामाची तीन मापं, आणि ‘पुन्हा करावं लागलं का, का?’ हा रकाना. सही सुपरवायझरची आणि मुलाची, दोघांची. फेरकामाचा रकाना सगळ्यात बोलका असतो. जूनमध्ये दर आठवड्याला फेरकाम आणि डिसेंबरमध्ये नाही, असं पोर पहिल्यापासून बरं असलेल्या पोरापेक्षा मी वर धरेन. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणं मालकाला तसंही बंधनकारक आहे, त्यामुळे हे जास्तीचं काम आहे असं एचआरला म्हणू देऊ नका.

या वहीबद्दल एक इशारा, कारण इथे फार मनस्ताप झालाय. करारात जो ट्रेड आहे, त्याच ट्रेडचं काम वहीत दिसलं पाहिजे. साईटवर माणूस कमी पडला की गवंडीच्या करारातलं पोर ठेकेदार लादीवर लावतो, ते तिथेच रमतं, हात चांगला बसतो, आणि वर्षाअखेरीला त्याचं नाव बाहेर कुठे पाठवायचं म्हटलं की कागदावर ते गवंडी आणि हातात सगळा पुरावा टाइल्सचा. अशी एक फाईल एका कार्यालयात अडकलेली मला माहीत आहे. टेबलावरच्या माणसाने ‘ट्रेड जुळत नाही’ एवढं म्हणून ती बाजूला ठेवली. दुरुस्ती कशी करायची ते सांगेना, नकार लेखी देईना. साहेब दौऱ्यावर, मग साहेबांची बदली, मग ‘नव्या साहेबांना विषय माहीत नाही’. तोवर मुदत गेली आणि पोर दुसऱ्या साईटवर रोजंदारीला लागलं. त्यांना नियम मोडायला कुणी सांगत नव्हतं, एक ओळ लिहून द्यायची होती! असो. ट्रेड बदलायचा तर तो आधी करारात बदला, मग साईटवर. आणि आधार, बँक खातं, करार, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. सरकारी हिश्शाचं विद्यावेतन (२५ टक्के, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये) थेट मुलाच्या खात्यात जातं, ते या स्पेलिंगपायी अडकतं.

ज्याचा हात खरंच वरचा आहे, त्याला इंडियास्किल्सच्या, म्हणजे वर्ल्डस्किल्सआधीच्या देशातल्या स्पर्धेच्या, राज्य पातळीवर पाठवायचा विचार करा. वीटकाम, टाइल्स, प्लास्टर, प्लंबिंग, सगळे प्रकार असतात. बहुतेक प्रकारांत जागतिक स्पर्धेच्या वर्षी वय २२ च्या वर चालत नाही, आणि ती स्पर्धा दोन वर्षांनी येते (२०२४ ला फ्रान्समध्ये लिऑनला झाली). म्हणजे विसाव्या वर्षी हेरलं तरच उपयोग, तेविसाव्या वर्षी नुसती हळहळ.

आता बक्षीस. ट्रॉफी नको, ती गावी टीव्हीवर धूळ खाते. चांगली स्पिरिट लेव्हल, लेझर लेव्हल जमत असेल तर उत्तमच, स्वतःच्या नावाची पेटी. रोख द्यायची तर वेगळ्या व्हाउचरने द्या, विद्यावेतनात मिसळू नका, त्यातून कापू तर अजिबात नका. आणि एक पत्र. ‘मेहनती व होतकरू’ छाप मजकूर पुढचा ठेकेदार वाचत नाही. पत्रात लिहा: एक वीट जाडीचा कोपरा, आठ थर, ओळंब्यात फरक २ मि.मी.च्या आत, काटकोन बरोबर, वेळ चार तास चाळीस मिनिटं. असं पत्र घेऊन पोर पुण्यात बाणेरच्या कुठल्याही साईटवर गेलं तर बिगारीच्या भावात कुणी उभं करणार नाही.

नोकरीचं काय, हे मालकांना विचाराच. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ प्रमाणे, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना घेण्याबद्दल कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. नोकरी द्यायची सक्ती नाही, धोरण मात्र हवं. तुमच्याकडे ते कागदावर नसेल तर सत्काराआधी ते करून घ्या, आणि निवडलेल्यांना पहिली संधी ही ओळ त्यात घाला.

दिवाळीला अजून वेळ आहे, पण वर्षभराच्या नाहीत तरी निदान तीन महिन्यांच्या नोंदी वहीत हव्यात. या शनिवारपासून सुरू करा. यंदा ते जमणार नसेल तर फक्त चाचणीवर निवड करा आणि तसं स्टेजवर सांगा. वहीचा आणि गुणपत्रिकेचा नमुना हवा असेल तर इथेच लिहा, टाकतो.