वजन उतरलं, पोट मात्र तिथंच!

नवरात्र जवळ आली की आपल्या बडोद्यात सगळ्यांनाच बारीक व्हायचं असतं, त्यामुळे या वेळच्या पत्रांत निम्मी पत्रं चरबीवरची निघाली. पण लोक आता नुसतं "वजन कसं उतरवू" असं विचारत नाहीत, मशीनवरचा फॅटचा आकडा घेऊन विचारतात, आणि ते मला फार बरं वाटलं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण तीच गोष्ट खूप जणींच्या घरात चाललीये.

प्रश्न : माझं वय 46. मे महिन्यात वजन 68 किलो होतं आणि जिमच्या मशीनवर फॅट 38 टक्के आलं. घाबरून मी खाणंच कमी केलं. सकाळी चहा नि दोन खाखरे, दुपारी एक पोळी, थोडी भाजी, काकडी-टमाटर, संध्याकाळी मूठभर ममरा (कुरमुरे), रात्री सूप. रोज कमाटीबागेत पाऊण तास चालते. दोन महिन्यांत 6 किलो उतरलं, सगळे म्हणतात बारीक झालीस, पण परवा मशीनवर उभी राहिले तर फॅट 37! पोट तसंच, केस गळतायत, जिना चढताना पाय भरून येतात. एवढं उपाशी राहून मिळालं काय?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, आधी एक छोटा हिशोब करू. 68 किलोचे 38 टक्के म्हणजे साधारण 25.8 किलो चरबी. 62 किलोचे 37 टक्के म्हणजे 22.9. म्हणजे चरबी गेली 2.9 किलो, आणि बाकीचं 3 किलोच्या वर जे गेलं ती चरबी नव्हतीच, त्यात थोडं पाणी आहे आणि बराचसा भाग स्नायूंचा असणार. पाय भरून येतात ते उगाच नाही, ज्या मांड्या तुम्हाला जिना चढवतात त्यातलंच गेलंय. वजनकाट्याला काय, त्याला चरबी गेली की मांडी गेली हे कळत नाही, तो दोन्हीला खाली येतो.

अर्थात मशीनचा आकडाही अगदी काळ्या दगडावरची रेघ नाही. ती मशीन अंगातून अगदी हलका करंट सोडते, स्नायूत पाणी भरपूर म्हणून त्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो, आणि त्या अडण्यावरून मशीन अंदाज बांधते. मग तुम्ही पाणी किती प्यालात, चालून घाम काढून आलात का, जेवून आलात का, यावर दोन-तीन टक्के सहज इकडचे तिकडे होतात. म्हणून महिन्यातून एकदाच बघा, तीच मशीन, सकाळी, रिकाम्या पोटी. आणि खरं सांगू का, मला स्वतःला शिंप्याची टेप जास्त भरवशाची वाटते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप लावायची, पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडला की वाचायचं. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात, त्याच्या वर गेलं की शुगर, बीपी, हृदय या सगळ्याची जोखीम वाढते. काटा हलत नसेल पण टेप आत येत असेल तर चरबी जातेय, खुशाल समजा.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय तो दिवसभराचा मेनू मी जोडून बघितला, त्यात प्रोटीन जेमतेम 20-25 ग्रॅम होतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने साध्या माणसालाही किलोमागे 0.83 ग्रॅम लागतं, म्हणजे तुम्हाला 51, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील तर किलोमागे 1.2 तरी हवं, म्हणजे 70-75. तुम्ही त्याच्या एक तृतीयांशावर दोन महिने काढलेत. शरीराने मग आपल्याच स्नायूंना हात घातला.

70 ग्रॅम ऐकून घाबरू नका, डबे-पावडरी लागत नाहीत. सकाळी खाखऱ्याऐवजी मुगाच्या डाळीचे पुडले, म्हणजे धिरडी, 60 ग्रॅम डाळ घेतली की 14 ग्रॅम झालं. दुपारी दोन पोळ्या, मटकीची घट्ट उसळ वाटीभर, दही, ही बेरीज जवळपास 20. संध्याकाळी ममऱ्याच्या जागी मूठभर भाजलेले चणे आणि ग्लासभर दूध, 14. रात्री 100 ग्रॅम पनीर किंवा तीन अंडी चालत असतील तर अंडी, सोबत भाकरी नि भाजी, 22. झालं की 70. आणि हो, आपण बडोद्याला राहून जी गोड पातळ डाळ करायला शिकलोय ना, ती प्रोटीनची म्हणून मोजू नका, वाटीभर पाण्यात डाळ चमचाभर असते. ती घट्ट करा, गूळ कमी टाका. (किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, हे सगळ्यांसाठीच लिहितेय.)

मग कमी काय करायचं? तेल! आपल्याकडे सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) 15 किलोचा डबा भरायची पद्धत आहे, त्यामुळे हिशोब फार सोपा आहे. घरात चार माणसं आणि डबा तीन महिन्यांत संपत असेल तर रोज माणशी 41-42 ग्रॅम तेल पोटात जातंय, म्हणजे 375 कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि बाहेरून आणलेले फाफडा-गांठिया यात धरलेले नाहीत. तोच डबा पाच महिने पुरवला तर माणशी 25 ग्रॅम होतं, रोजच्या दीडशे कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणजे दुसरं काही न बदलता महिन्याला अर्धा किलोच्या आसपास, आणि तेही घरातल्या चौघांचं. डब्यावर पेनने उघडल्याची तारीख लिहून ठेवा. मी माझ्या घरी हेच करते, फोडणीत बाटली उपडी करायची सवय बंद, चमच्याने मोजून टाकायचं, पहिल्या आठवड्यात कुरकुर होते मग जिभेला कळतही नाही.

राहिला व्यायाम. चालणं सोडू नका, ते हृदयाला, शुगरला, मनाला सगळ्याला चांगलं, पण पाऊण तास चालून तुमच्या वजनाला दीडशे-दोनशे कॅलरीच जातात आणि त्याने स्नायू टिकत नाहीत. स्नायूला ओझं लागतं. आपलं गाव खरं तर व्यायामाचं गाव, जुम्मादादा व्यायाममंदिर, प्रोफेसर माणिकराव, लेझीम, मल्लखांब, हे सगळं इथलं, आणि आपणच ते विसरून नुसते बागेला चकरा मारत बसलोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. जोर-बैठका फक्त पैलवानांच्या नसतात हो. जेवायच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढे उभ्या राहा, हात छातीशी, कुल्ले मागे नेत हळूहळू तीन आकडे मोजत बसा, खुर्चीला नुसतं टेकलं न टेकलं की टाचांवर जोर देऊन उठा. दहादा. थोडं थांबून परत दहादा. मग भिंतीला हात लावून जोर, आणि पाठीसाठी कापडी पिशवीत 5 किलो आटा घालून कंबरेतून पुढे वाकून कोपर मागे ओढत ती पिशवी वर खेचायची. आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. दहा सोपं वाटायला लागलं की ओझं वाढवायचं, हे विसरू नका, तेच ते करत राहिलात तर शरीर तिथंच थांबतं. पोटाचे क्रंचेस मारून पोट जात नाही, चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवतं, आणि पाळी जायच्या वयात ती पोटावर जास्त साचते म्हणून तिथून सावकाश जाते.

आठवड्याला 300 ते 500 ग्रॅम उतरलं तर पुष्कळ झालं. सुरुवातीला दोन-तीन आठवडे काटा थोडा वर गेला तरी घाबरून परत सुपावर जाऊ नका. केस गळतायत त्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तेवढं करून घ्या.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, उंची 170 सेंमी, वजन 64. कंपनीच्या चेकअपमध्ये फॅट 25 टक्के आणि एचबीएवनसी 5.9 आलं. मित्र हसतात की काडी पैलवानाला कसली चरबी. मशीन चुकली का? वजन कमी करू का?
– एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : तू वयाने लहान आहेस म्हणून तूच म्हणते. मशीन थोडी इकडेतिकडे असेल, पण एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ते 5.9 रक्तातून आलंय, आणि 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. मित्रांना हसू दे, तू हे मनावर घे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो आणि स्नायू कमी असतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. तुझाही बीएमआय 22 च्या आसपासच आहे बघ.

त्यामुळे वजन कमी करायचं नाही. अजिबात नाही. तुला स्नायू वाढवायचेत, वजन 64 च राहिलं आणि आतला वाटा बदलला तरी काम झालं, कारण जेवणातली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंत. आठवड्यातून तीन-चारदा वजनं उचल, जवळच्या आखाड्यात गेलास तरी उत्तम, प्रोटीन 90-100 ग्रॅम, रात्री सात तास झोप, आणि कँटीनमधलं सेव-उसळ रोज नको, उसळ चांगली आहे रे, वरची सेव नि तरी कमी करून घे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत कर आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. घरात आई-वडिलांना शुगर असेल तर तेही त्यांना सांग.

प्रश्न : पोटाला बांधायचा घामाचा पट्टा घेतलाय, तासाभरात अर्धा किलो उतरतो. चरबी वितळून घामावाटे जाते ना? – दांडिया बाजार

उत्तर : नाही काका, ते नुसतं पाणी, दोन ग्लास प्यालात की परत आलं. चरबी वापरली गेली की तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. 10 किलो चरबी गेली तर त्यातले 8.4 किलो श्वासावाटे बाहेर पडतात, बाकी 1.6 किलोचं पाणी होतं. पट्टा काढून ठेवा, बीपीची गोळी चालू असेल तर त्या उकाड्यात चक्कर येईल.

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची, गरब्याच्या चनिया-चोळीत बारीक दिसायचंय म्हणून चार महिने एकवेळ जेवतेय. रोज दोनदा वजन करते. तीन महिने पाळी आली नाही. तिला म्हणे फॅट 12 टक्के करायचंय. ओरडले तर दार लावून बसते. – एक आई, कारेलीबाग

उत्तर : वहिनी, हे पत्र वाचून मी तुमच्यासाठी दोन दिवस अस्वस्थ होते. 12 टक्के हा पुरुष खेळाडूंचा आकडा आहे. बाईच्या शरीराला नुसतं जगायला, हार्मोन नीट चालायला 10 ते 13 टक्के चरबी लागतेच, आणि त्याच्या काठावर गेलं की शरीर पहिलं काय बंद करतं तर पाळी. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं आणि याच वयात भरायची हाडं भरत नाहीत, ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघत नाही.

याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि दोनदा वजन करणं, जेवण टाळणं हे जे चाललंय ते त्यांना स्पष्ट सांगा, मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागली तर घ्या, त्यात लाज काही नाही. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल तर आठवडाही थांबू नका, आजच न्या. काटा घरातून हलवा. तिच्या दिसण्यावर कुणीही बोलायचं नाही, बारीक झालीस म्हणून कौतुकही नाही, आजीला नि मावशीलाही बजावून ठेवा. ओरडू नका. दाराबाहेर बसून "तू जेवली नाहीस की मला भीती वाटते" एवढंच म्हणा आणि संध्याकाळी तिच्या आवडीचं ताट करून तिच्या शेजारी बसून स्वतः जेवा. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा, तुमचं पुढचं पत्र आलं की सगळ्यात आधी तेच उघडीन.