नैरोबीतला बुलबुल: सुरुवात कुठून करावी

नैरोबीत नवीन आहात आणि पक्षी बघायला लागायचंय, तर मी म्हणेन बाकी सगळं सोडा, आधी बाल्कनीतला बुलबुल नीट बघा. आपल्या लालबुड्या बुलबुलाचाच (शेपटीखाली लाल असतो तो) भाऊबंद, पण इथे शेपटीखाली पिवळा, आणि नवीन मंडळी नेमकं तेच विसरून लाल शोधत बसतात. डोकं काळपट, अंग तपकिरी, तुरा जेमतेम.

नर कुठला मादी कुठली यात वेळ घालवू नका, दोघं सारखेच दिसतात. कॅमेऱ्याची लेन्स आत्ता घेऊ नका, साधी ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण खूप झाली. पहाटे उठा, कारण हा अंधार असतानाच बोलायला लागतो, आणि आवाज एकदा कानात बसला की बाकीचे पक्षी वेगळे काढणं सोपं जातं. दिवसा अचानक चार-पाच बुलबुल जमून कलकलाट करत असतील तर तिथे साप, घुबड किंवा मांजर शोधा, बहुतेक वेळा असतंच!

पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले किडे उडाले की फळं सोडून त्यांच्यावर तुटून पडतो, ते बघाच.

घरटं दिसलं तर लांबूनच बघा, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत. आणि गंमत म्हणजे आपला चातक, जो आपल्याकडे सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी टाकतो, तो आफ्रिकेत बुलबुलच्या घरट्यात टाकतो.

हा बुलबुल नेमका कुठल्या उपजातीचा, ही भांडणं सध्या राहू द्या.