खेळाडूंची संघटना काढताय? आधी उद्देशाचं कलम बघा

तुम्ही ठाणे-नवी मुंबईतले चौदा क्रिकेटपटू, कुणी रणजी, कुणी 23 वर्षांखालील, दोघी महिला संघातल्या. मॅच फी थकलीय, दुखापतीचा खर्च अंगावर पडलाय आणि आता संघटना काढायचीय. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण याच वाटेवर आमचंही पाऊल चुकलं होतं.

इंडियन क्रिकेटर्स असोसिएशनमध्ये जायचा विचार सोडा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींतून ती 2019 मध्ये उभी राहिली, बीसीसीआयच्या नऊ जणांच्या अ‍ॅपेक्स कौन्सिलवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळावर, तिचे दोन प्रतिनिधीही बसतात, पण सभासदत्व फक्त निवृत्तांना. ज्याचं पोट आज मैदानावर आहे त्यालाच आवाज नाही, हे मला साफ चुकीचं वाटतं. 2002 मध्ये खेळाडूंनी संघटना काढली होती, तिला बोर्डाने मान्यताच दिली नाही.

म्हणजे स्वतःची संस्था. संस्था नोंदणीच्या 1860 च्या सोसायटी कायद्याला सात जण पुरतात. खरा घोळ पुढे होतो. नोंदणी कचेरीत सांगतात, ‘क्रीडा मंडळाचा छापील नमुना घ्या, लवकर होईल.’ त्यात उद्देशाचं कलम असतं, ‘खेळाचा प्रचार व प्रसार करणे’. आम्ही घाईत तेवढ्यावरच सह्या केल्या. मग थकबाकीचं पत्र दिलं की पैसे देणाऱ्यांकडून उत्तर येतं, तुमची संस्था प्रसारासाठी आहे, खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुठे लिहिलाय? आणि ते कागदावर बरोबरच असतं.

नंतर दुरुस्ती करू म्हणाल, तर 1860 च्या कायद्याचं कलम 12 वाचा. दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, खास सभा, तीन पंचमांश मतं, मग महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि पुन्हा तेवढीच मतं. ऑक्टोबर ते मार्च सामन्यांसाठी अर्धे सभासद बडोद्याला, अर्धे रोहतकला. सभा भरणार कशी? आमचा अख्खा हंगाम यातच गेला.

म्हणून पहिल्याच मसुद्यात स्पष्ट लिहा: सभासदांच्या मानधन, करार, विमा व दुखापतभरपाईबाबत त्यांच्या वतीने वाटाघाटी करणे. कचेरी यावर शंका काढेल, सोसायटीच्या चौकटीत हे सहज बसत नाही. तसं झालं तर कंपनी कायद्यातली कलम 8 ची ना-नफा कंपनी बघा, इंडियन क्रिकेटर्स असोसिएशननं तोच मार्ग घेतलाय. मी वकील नाही, नियमही बदलतात, मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

शिवाय प्रत्येकाकडून वेगळं अधिकारपत्र घ्या, तारखेसह. नुसत्या सह्यांच्या यादीतून एकेकाला फोन करून फोडतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 30 जूनला क्रिकेटपटूंचा बोर्डाशी असलेला करार संपला आणि सव्वादोनशेहून जास्त खेळाडू बेरोजगार झाले, तरी ऑगस्टमध्ये तडजोड झाली ती फूट पडली नाही म्हणूनच.

पत्र हाती देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर निघू नका, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि हो, थकबाकीचा आकडा ठरवण्याआधी प्रत्येकाचा 26एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा करकपातीचा उतारा, काढा. कुणी किती रक्कम दाखवून टीडीएस कापला ते त्यात तारखेनिशी दिसतं. खात्यातल्या जमेशी ताडून पाहिल्यावर निम्मे वाद तिथेच मिटतात.