वाचकांचे प्रश्न : शेल कोणती फाईल कधी वाचतो?

प्रश्न : ऑफिसच्या उबुंटू मशीनवर जावाचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ते पत्ते) आणि चार-पाच अलियास (कमांडची छोटी नावं) शेलच्या ‘.बॅशआरसी’ फाईलमध्ये लिहिले आहेत. मशीनसमोर बसून टर्मिनल उघडलं की सगळं चालतं. इंदिरानगरच्या घरून एसएसएचने (दूरवरून लॉगिन करून) आत आलो की ‘कमांड नॉट फाउंड’. परवापर्यंत घरूनही चालत होतं. मध्ये फक्त एक टूल इन्स्टॉल केलं.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : संशय त्या टूलवरच घ्या. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘एलएस -ए’ (लपलेल्या फाईलींसह यादी) चालवा, ‘.बॅश_प्रोफाइल’ नावाची नवी फाईल बहुधा दिसेल.

शेल म्हणजे तुमच्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, उबुंटूवर तो सहसा बॅश. एसएसएचने मिळतो तो लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारा. बॅश अशा वेळी आधी ‘/इटीसी/प्रोफाइल’ वाचतो, मग होममध्ये ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’, ‘.प्रोफाइल’ या क्रमाने शोधतो. जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. ‘.बॅशआरसी’ या यादीतच नाही! उबुंटूच्या ‘.प्रोफाइल’मध्ये तिला बोलावणाऱ्या ओळी तयार असतात, म्हणून ती चालायची. इन्स्टॉलरने ‘.बॅश_प्रोफाइल’ बनवली, ‘.प्रोफाइल’ बाजूला पडली आणि सोबत ‘.बॅशआरसी’ही. टर्मिनलची खिडकी मात्र लॉगिन नसलेला शेल उघडते, तो ‘/इटीसी/बॅश.बॅशआरसी’ आणि मग तुमची ‘.बॅशआरसी’ थेट वाचतो.

‘.बॅश_प्रोफाइल’च्या पहिल्या ओळीत एक ठिपका, एक स्पेस आणि ‘~/.प्रोफाइल’ एवढं लिहा. चालू एसएसएच बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. या फाईलमध्ये चुकून ‘एक्झिट’ राहिलं तर आत येताच बाहेर फेकले जाल, मग दुरुस्ती कुठून करणार?

हात लागलाच आहे तर पाथ ‘.प्रोफाइल’मध्ये हलवा. पाथसारखं एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल पुढच्या शेलना आपोआप मिळतं, ‘.बॅशआरसी’त ठेवलं तर शेलमध्ये शेल उघडताना तोच पत्ता पाथमध्ये पुन्हा पुन्हा चिकटत जातो. अलियास असे पुढे जात नाहीत, त्यांची जागा ‘.बॅशआरसी’च.

शेल कोणता आहे ते ‘शॉप्ट लॉगिन_शेल’ सांगतो : ऑन किंवा ऑफ. फाईल वाचली जाते का हे बघायला काही जण ‘.बॅशआरसी’च्या अगदी वर ‘इको’ (मजकूर छापणारी कमांड) टाकतात आणि विसरतात. मग फाईली पाठवणारे एससीपी, आरसिंक अडतात, कारण तो मजकूर त्यांच्या संवादात घुसतो. तपासणी झाली की ओळ काढा.

प्रश्न : बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) नाही. स्क्रिप्टमध्ये ‘.बॅशआरसी’ सोर्स करूनही (तिथेच वाचायला लावूनही) फरक नाही.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : क्रॉन वरीलपैकी एकही फाईल वाचत नाही. तो ‘/बिन/एसएच’ वापरतो आणि पाथ सहसा ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच असतो. सोर्स करून उपयोग होत नाही, कारण उबुंटूच्या ‘.बॅशआरसी’च्या सुरुवातीलाच समोर माणूस बसलेला नसेल तर परत फिरण्याची अट आहे. तुमच्या ओळींपर्यंत गाडी पोचतच नाही. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) वरच्या भागात पाथ पूर्ण लिहा. तिथे ‘$पाथ’ लिहून जुन्यात भर घालता येत नाही, क्रॉन ते उलगडत नाही. फाईलच्या नावात तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह क्रॉनटॅबमध्येच लिहिलं असेल तर त्याआधी बॅकस्लॅश हवा, नाहीतर कमांड तिथेच तुटते.

प्रश्न : मॅक घेतला. ‘.बॅशआरसी’ उचलून आणली, ढिम्म काही होत नाही.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : 2019 च्या कॅटलिनापासून मॅकवर नव्या खात्याला झेडशेल मिळतो. क्रम असा : ‘.झेडशेन्व्ह’, ‘.झेडप्रोफाइल’, ‘.झेडशआरसी’, ‘.झेडलॉगिन’. मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेलच उघडतं, त्यामुळे चारही वाचल्या जातात. अलियास ‘.झेडशआरसी’त घाला. पाथ ‘.झेडशेन्व्ह’मध्ये नको, तिच्यानंतर चालणारी ‘/इटीसी/झेडप्रोफाइल’ सिस्टिमचे पत्ते पुढे आणते आणि तुमचे मागे ढकलते. तो ‘.झेडप्रोफाइल’मध्ये लिहा.