रॉकेटचा धूर आणि बारावीनंतरची दिशा

सांगलीहून एका वडिलांनी लिहिले आहे की, बारावी विज्ञान शाखेतील त्यांच्या मुलीला लहानपणापासून इस्रोचे वेड होते. मात्र रॉकेटच्या धुराने ओझोनची हानी होते असे वाचल्यापासून ती त्या क्षेत्राचे नावही काढू देत नाही. तिची समजूत कशी घालावी, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण तिची समजूत घालू नये, कारण तिची शंका रास्त आहे. इस्रोच्या एलव्हीएम-३ या रॉकेटच्या उड्डाणाची चित्रफीत तिच्यासोबत पुन्हा पाहा. दोन्ही बाजूंच्या बूस्टरांतून निघणारा तो दाट पांढरा लोट मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा असतो. एकेका बूस्टरमध्ये सुमारे २०० टन घन इंधन जळते, त्यातील ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या अमोनियम परक्लोरेटमुळे हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या उंचावरील हवेत, मोकळे झालेले क्लोरीन ओझोनचे रेणू मोडत राहते. केरोसीनच्या रॉकेटमधून क्लोरीन येत नाही, पण काजळी येते. खालच्या हवेतील काजळी पावसाबरोबर काही दिवसांत खाली येते, स्थितांबरात मात्र पाऊसच नसल्याने ती काही वर्षे तरंगत राहून तेथील हवा तापवते. इस्रोचे नवे सेमी-क्रायोजेनिक (इंधनासोबत अतिथंड द्रव ऑक्सिजन वापरणारे) इंजिनही केरोसीनवरच चालणार आहे.

आज हा परिणाम एकंदरीत लहान आहे, हेही तिला प्रामाणिकपणे सांगावे. तथापि २०२४ मध्ये जगभरात कक्षेत जाणारी २५० हून अधिक उड्डाणे झाली, आणि ओझोन वाचवणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारात रॉकेटच्या धुरावर बंधन नाही. त्यामुळे हा धूर मोजणारी आणि कमी घातक इंधन शोधणारी माणसे लागणारच आहेत, आणि तिची तळमळ मला तेथेच कामी येताना दिसते.

याकरिता एरोस्पेसऐवजी तिने रसायनशास्त्र पक्के करावे. क्लोरीनचा एकच अणू हजारो ओझोन रेणू का मोडू शकतो, हे बारावीच्या रासायनिक गतिकीतील उत्प्रेरकाचा भाग नीट समजला की उलगडते. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि उष्णदेशीय हवामान संस्था एकाच रस्त्यावर आहेत. आयसरमध्ये मूलभूत विज्ञानाची पदवी घेऊन पुढे हवामान संस्थेत वातावरणावर पीएचडी करता येते. रॉकेट जवळून शिकायचेच असेल, तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, तेथील बी.टेक.चा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. आयसरची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी असते आणि तिचा अर्जही स्वतंत्र भरावा लागतो. जेईईच्या धावपळीत तो राहून जाऊ देऊ नये.