इंग्लिश रोझ सात-आठ फूट वाढलाय पण फुलं फक्त शेंड्याला येतात, फांद्या छाटू का?

छाटू नका, त्या लांब फांद्या वाकवून आडव्या बांधा, फुलं खालपासून येतील. कारण असं की उभ्या फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचं हार्मोन खाली पाठवत राहतो आणि ते खालच्या डोळ्यांना (जिथून नवी फांदी फुटते ते कोंब) झोपवून ठेवतं, फांदी आडवी केली की शेंड्याचा हा जोर कमी होतो आणि मग प्रत्येक पानाच्या बेचक्यातला तो लालसर बारीक डोळा फुगायला लागतो, त्यातून छोटी फांदी आणि तिच्या टोकाला कळ्या. मी ग्रॅहम थॉमस या गुलाबावर (इंग्लिश रोझ तयार करणाऱ्या डेव्हिड ऑस्टिनचा पिवळा, १९८३ चा) दर वर्षी हेच करते, उष्ण हवेत तो झुडूप राहतच नाही, सरळ वेलासारखा धावतो, अशा झाडाला सारखी कात्री लावली की ते चिडल्यासारखं अजून लांब काठ्या काढतं. फांदी कोवळी असतानाच वाकवा, रोज थोडी थोडी, जून झालेली फांदी बुडातून काडकन मोडते. सुतळी सैल बांधा आणि नायट्रोजनवालं खत सध्या बंद, नुसती पानंच वाढतात त्याने.

फक्त एक बघून घ्या, ती जोरदार फांदी कलमाच्या गाठीच्या (बुडाशी कलम जोडलेली फुगीर जागा) वरून आलीय ना? गाठीच्या खालून आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर कलम केलंय त्याची आहे, तिला तुमचं फूल कधीच येणार नाही, ती मात्र बुडापासून ओढून काढा.