‘पोहायचो’ जपानीत: ‘ओयोइदे इता’ की ‘ओयोइदा मोनो दा’?

प्रश्न असा आहे: ‘लहानपणी आम्ही नदीत पोहायचो’ हे जपानीत सांगताना यांतलं कुठलं रूप वापरायचं?

व्याकरणाने दोन्ही चालतात. ‘ओयोइदे इता’ नुसती माहिती देतं. ‘ओयोइदा मोनो दा’ म्हटलं की ते दिवस सरले, आता उरली ती आठवण, हेही त्यात येतं. मराठीतलं ‘-यचो’ दोन्हीकडे खपतं. हुरहुर दाखवायची तर आपण सूर लांबवतो किंवा ‘काय दिवस होते!’ जोडतो. म्हणून दिसेल त्या ‘-यचो’ला ‘मोनो दा’ चिकटवू नये. नोकरीच्या मुलाखतीत ‘कॉलेजात असताना अर्धवेळ काम करायचो’ हे ‘शिते इमाशिता’नेच (‘करणे’चं ‘ओयोइदे इता’सारखंच, पण आदरार्थी रूप) सांगावं. तिथे ‘शिता मोनो देसु’ म्हणणारा पंचविशीतला उमेदवार पेन्शनीत निघाल्यासारखा वाटेल.

रचना सोपी आहे. क्रियापदाचं साधं भूतकाळी रूप, म्हणजे ता-रूप (इथे ‘ओयोइदा’), घ्यायचं आणि पुढे ‘मोनो दा’ लावायचं. सोबत ‘मुकाशि वा’ (पूर्वी) किंवा ‘कोदोमो नो कोरो’ (लहानपणी) आणि बहुधा ‘योकु’ (पुष्कळदा) येतं: ‘कोदोमो नो कोरो, योकु कावा दे ओयोइदा मोनो दा.’ आदरार्थी करायचं तर फक्त शेवट बदलतो, ‘ओयोइदा मोनो देसु’. ‘ओयोगिमाशिता मोनो देसु’ ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ता-रूपाऐवजी मूळ रूप लावलं की आठवणीचा उपदेश होतो. ‘ओतोना नो इउ कोतो वा किकु मोनो दा’ म्हणजे ‘मोठ्यांचं ऐकायचं असतं’. आपलं ‘-यचं असतं’ इथे अगदी चपखल बसतं. तेच ‘किइता मोनो दा’ केलं की ‘(तेव्हा) ऐकायचे’.

एकदाच घडलेल्या गोष्टीला हा प्रयोग चालत नाही. ‘किनोओ’ (काल) घालून ‘ओयोइदा मोनो दा’ म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. कालची गोष्ट सांगायला ‘ओयोइदा’ पुरतं. आयुष्यात कधीतरी पोहलो आहे, एवढंच सांगायचं तर ‘ओयोइदा कोतो गा आरु’.

याला एक गमतीदार अपवाद आहे. ‘योकु आन्ना ताकाइ तोकोरो कारा तोबिकोंदा मोनो दा’ हे वाक्य एकाच उडीबद्दल असू शकतं: ‘एवढ्या उंचावरून उडी मारली म्हणजे कमालच!’ इथल्या ‘योकु’चा ‘पुष्कळदा’शी संबंध नाही, तो आश्चर्य दाखवतो. ‘आन्ना’ (असल्या, एवढ्या) दिसलं की हा अर्थ आधी तपासावा. आणि ‘मोनो दा’पुढे ‘कारा’ आलं तर ते कारण सांगणारं वेगळंच प्रकरण, हुरहुर तिथे शोधू नये.

बोलताना ‘मोनो दा’चं सर्रास ‘मोन दा’ होतं. जुने सवंगडी आपापसात ‘योकु ओयोइदाक्के’ असंही म्हणतात, आपल्या ‘किती पोहायचो, नाही?’च्या जवळचं. मात्र चढ्या सुरात हेच ‘-क्के’ प्रश्न होतं: ‘पोहायचो का रे आपण?’